आधी अभंग, मग नाममुद्रा

मागच्या पावसाळ्यात जळगाव जामोदच्या एका अभ्यासिकेत एका मुलाने आपला लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, घरी चार एकरांत कापूस आणि तूर, आणि इंजिनीअर होऊ घातलेला घरातला हा पहिलाच. पडद्यावर एक लाल खूण होती आणि तिच्या शेजारी एकच शब्द : स्पॅम. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या माहितीपानावर त्याने एक ओळ वाढवायला पाठवली होती. त्या ओळीत त्याचं नाव, कॉलेजचं नाव आणि स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता, एवढंच. प्रकल्प सांभाळणाऱ्याने काही मिनिटांतच ती बंद करून टाकली होती.

"सर, मी तं फक्त नाव टाकलं होतं. त्यायनं स्पॅम कायले म्हटलं?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याला कुणाला फसवायचं नव्हतं, काही विकायचं नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं की मोठ्या प्रकल्पात नाव लागलं की नोकरी लागते, आणि त्याने ते मनावर घेतलं होतं. त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. शेगाव, खामगाव, अकोला, अमरावती इथल्या कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या शेकडो मुलामुलींचा तो प्रश्न आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपलं काम लोकांना सांगणं हा गुन्हा नाही. ते सांगितलंच पाहिजे. पण जिथे चार जण एका कामासाठी जमले आहेत, तिथे आधी त्या कामाला हात लावावा, मग नाव सांगावं. आणि सांगताना त्या कामाशी आपलं काय नातं आहे ते लपवू नये. हा क्रम मोडला की समूह मोडतो.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ओपन सोर्स म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखं काम. एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापली अवजारं घेऊन यायचं, दिवसभर राबायचं आणि उभं राहिलेलं काम सगळ्यांच्या उपयोगी पडायचं. तुमच्या मोबाइलमध्ये, बँकेच्या संगणकात, सातबारा दाखवणाऱ्या सर्व्हरवर जो कोड चालतो, त्यात अशा सामाईक कामाचा मोठा वाटा असतो. तो कोड कुणालाही वाचता येतो आणि कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. या सुचवलेल्या दुरुस्तीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती आली की प्रकल्प सांभाळणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, ती उघडून वाचावी लागते, तपासावी लागते आणि घ्यायची की नाही ते ठरवावं लागतं. बहुतेक मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, रात्री जागून, पगाराशिवाय करतात.

म्हणजे या शेतात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? कोड नव्हे, त्याच्या प्रती हव्या तेवढ्या निघतात. मोलाचं असतं ते माणसांचं लक्ष. ते मोजकंच असतं, एकाने खाल्लं की दुसऱ्याला उरत नाही. गावच्या गायरानात प्रत्येकाने आपापली एकेक झोपडी टाकली तर प्रत्येक झोपडी लहानच असते, पण ढोरांना चरायला जागा राहत नाही. त्या मुलाची एक ओळ अशीच लहान होती. त्याच दिवशी तशाच किती ओळी आल्या होत्या, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

हे किती वाढू शकतं, ते २०२० च्या ऑक्टोबरमध्ये साऱ्या जगाने पाहिलं. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ऑक्टोबर महिन्यात हॅकटोबरफेस्ट नावाचा उपक्रम चालवत आली आहे. २०२० सालचा नियम असा होता की महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवायच्या. पहिल्या सत्तर हजार जणांना टी-शर्ट मिळेल किंवा त्यांच्या नावाने झाड लावलं जाईल. हेतू चांगला होता, नवख्यांची भीड मोडावी हाच. पण एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत माहितीपानावर एखादं विशेषण जोडून विनंती पाठवायची रीत दाखवली गेली, आणि हजारोंनी ती जशीच्या तशी उचलली. 'छान प्रकल्प', 'भारी प्रकल्प' असे शब्द जोडणाऱ्या विनंत्यांचा जगभरच्या मेंटेनरांवर पाऊस पडला. डिजिटलओशनला महिन्याच्या पहिल्या तीनच दिवसांत नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून तयारी दाखवली असेल, त्यालाच पाठवलेल्या विनंत्या धरल्या जातील असं ठरलं. पुढे २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाले, डिजिटल बिल्ले आले.

तोच प्रकार २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा घडला. एक्सप्रेस हे वेबसाइटच्या मागची यंत्रणा लिहिण्याचं साधन २०१० पासून आहे आणि जगात लाखो लोक ते वापरतात. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवताना भारतातल्या एका लोकप्रिय व्हिडिओत याच प्रकल्पाचं माहितीपान उदाहरणाला घेतलं गेलं. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सराव म्हणून आपापलं नाव जोडून खऱ्याखुऱ्या विनंत्या पाठवल्या, एकामागून एक, शेकडो. प्रकल्पावर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाच्या इमेलमध्ये त्या जाऊन पडत होत्या. त्या ढिगाखाली एखाद्याने कळवलेली खरी चूक दबून गेली असेल तर ती शोधायची कुणी?

असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतातले तिथे १ कोटी ३२ लाख डेव्हलपर होते. एवढ्या मोठ्या समूहाची जगात काय ओळख व्हावी, हे अशा घटनांतून ठरतं, आणि त्याची किंमत नीट काम करणाऱ्या मुलीला मोजावी लागते. तिचं नाव भारतीय दिसलं की वाचणारा आधीच साशंक होतो. हा अन्याय आहे. त्याचं मूळ मात्र आपल्याच लोकांनी गायरानात टाकलेल्या झोपड्यांत आहे, हे कबूल करायला हवं.

आता कुणी म्हणेल, एका ओळीने असं काय बिघडतं? बिघडतं ते माणूस थकल्यामुळे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड नावाच्या, फाइल लहान करणाऱ्या साधनात दडवलेला चोरदरवाजा उघडकीला आणला. दूरच्या संगणकावर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून त्याने माग काढला. तो चोरदरवाजा बसला कसा? हे साधन लासे कोलिन हा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे धोशा लावला, काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला वाटेकरी करा म्हणून. ती खाती बनावट असावीत असा तपास करणाऱ्यांचा अंदाज आहे. थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्यावर विश्वास ठेवला, आणि त्या मदतनिसानेच पुढे विष पेरलं. मेंटेनरचं लक्ष ही केवळ सौजन्याची बाब नाही, ती साऱ्या संगणकांच्या सुरक्षिततेची बाब आहे, हे त्या दिवशी कळलं.

तरी थकवणारे थांबलेले नाहीत. कर्ल या साधनाचा कर्ता, स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग, सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्यांना २०१९ पासून बक्षीस देत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारदस्त पण तपासल्यावर पोकळ निघणाऱ्या तक्रारींनी त्याला इतकं बेजार केलं की जानेवारी २०२६ मध्ये त्याने ती बक्षीस योजनाच गुंडाळली. नाव आणि पैसा यांच्या मागे धावणाऱ्यांनी, मन लावून चुका शोधणाऱ्यांचा हक्काचा मोबदला घालवला.

मग आपलं काम सांगायचंच नाही का? सांगायचं. पण कसं, याची दोन उदाहरणं अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने घडलेली आहेत आणि ती मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या मंडळींना कळवलं की मी स्वतःची एक प्रणाली लिहितो आहे. ही आपल्या कामाची जाहिरात नव्हती का? होतीच. पण त्याने निवडलेली माणसं त्याच विषयातली होती. त्याने सुरुवातीलाच विचारलं की मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं. आपलं काम हौसेखातर आहे, मोठं होणार नाही, अमुक यंत्रावरच चालतं, तमुक जमत नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. लोकांनी उत्तरं दिली, दुरुस्त्या पाठवल्या. तेच पुढे लिनक्स झालं आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात.

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचं एक वकील दांपत्य, लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल, यांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीत अर्ज भरून देण्याची आपली जाहिरात पाच हजारांहून जास्त चर्चागटांत एकाच वेळी टाकली. गट कसला का असेना, मांजरांचा, गणिताचा की संगणकाचा, जाहिरात तीच. ग्रीन कार्ड हा शब्द आज विदर्भातल्या कितीतरी घरांत रोज बोलला जातो, पण आंतरजालावरच्या पहिल्या मोठ्या व्यापारी स्पॅममध्ये तोच शब्द होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या दोघांवर जगभरातून इतक्या संतापाची उत्तरं आली की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर कोलमडला.

लिनसने काय किंवा वकिलांनी काय, आपलंच सांगितलं. फरक कुठे पडला? लिनसने समोर कोण बसलं आहे ते पाहिलं, त्यांच्या विषयात शिरून बोलला, आपली उणीव आधी सांगितली आणि उत्तर ऐकायला थांबला. वकिलांनी समोर कोण आहे ते पाहिलंच नाही. विषयाला धरून राहणं म्हणजे समोरच्या माणसाला माणूस मानणं. विषय सुटला की समोरचा माणूस उरत नाही, गिऱ्हाईक उरतं.

आपल्याकडे ही समज मुळात आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हालचालीवरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर कुणाचा विश्वास असेल, कुणाचा नसेल. माझं बोलणं तिथल्या बैठकीबद्दल आहे. लांबून आलेला शेतकरी पहाटेच्या अंधारात एकच प्रश्न घेऊन उभा असतो, यंदा पीक कसं. त्या वेळी कुणी मध्येच उठून आपल्या कंपनीच्या बियाण्याचं नाव सांगू लागला, तर शेजारचेच त्याला हात धरून खाली बसवतील. त्यासाठी लेखी नियम लागत नाही. सगळे एका प्रश्नासाठी आले आहेत, एवढं पुरतं.

कीर्तनातही तेच. बुवांनी निरूपणाला अभंग घेतला की टाळकरी, मृदंगवाले, विणेकरी सगळे त्या अभंगाला बांधलेले. दृष्टांत कितीही लांबचा असो, फिरून त्याच चरणावर यावं लागतं. आणि अभंगाची रचनाच पाहा. नामदेवांनी, तुकोबांनी आपलं नाव लपवलेलं नाही. नाममुद्रा आहे, ठसठशीत आहे. पण ती येते शेवटच्या चरणात. आधी जे सांगायचं ते पूर्ण सांगून होतं, मग ते कुणी सांगितलं ते कळतं. नाव पहिल्या चरणात असतं आणि पुढे अभंगच नसता, तर ती नुसती पाटी झाली असती.

हा क्रम संगणकाच्या जगातही बसवलेला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. २००५ मध्ये त्याच लिनसने गिट हे साधन लिहिलं. त्यात प्रत्येक बदलासोबत तो कुणी केला, कधी केला, याची नोंद आपोआप होते. लिनक्सच्या कामात २००४ पासून बदलाच्या वर्णनाखाली शेवटी सही करायची पद्धत आहे. हा बदल द्यायचा मला अधिकार आहे, याची ती ग्वाही असते. म्हणजे काम केलंत तर नाव लागतंच. वर्षं गेली तरी ते तिथेच राहतं, कुणालाही काढून पाहता येतं. अशा ठिकाणी माहितीपानावर आपल्या नावाची वेगळी ओळ जोडायची धडपड म्हणजे अभंग न रचता नाममुद्रा मागणं.

तरीही नुसतं 'काम करा, नावाचा सोस सोडा' एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. शेगावच्या संस्थानात सेवाधारी पांढऱ्या वेशात येतात, झाडलोट करतात, पंगती वाढतात, चपला सांभाळतात आणि नाव न सांगता परत जातात. ती सेवा पाहून मन भरून येतं, आणि आपल्या भागाला तिचा अभिमान आहे. पण ज्या मुलाला या वर्षी नोकरी लागली नाही तर बापाचं कर्ज थकणार आहे, त्याला निनावी सेवेचा उपदेश करायचा अधिकार मला नाही. पुण्या-बंगळुरूच्या मुलाचा मामा कंपनीत असतो, मावसबहीण मुलाखत घेणाऱ्याला ओळखत असते. पायथ्याच्या गावातल्या मुलाची ओळख द्यायला कुणी नसतं. त्याला स्वतःच सांगावं लागतं. त्याला दिसायला हवं आहे, ही त्याची गरज खरी आहे.

अशा गरजेला जागा करून देता येते, याचंही उदाहरण आहे. कोअर-जेएस नावाचा एक कोडसंच जगातल्या असंख्य वेबसाइटच्या पोटात असतो. त्याचा रशियन कर्ता डेनिस पुश्कारेव्ह याने २०१९ मध्ये त्यात अशी सोय केली की कुणी तो संच बसवला की पडद्यावर निरोप यायचा : या कामाला आर्थिक मदत करा, आणि हो, कर्ता चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. जगभरचे डेव्हलपर चिडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेरॉस अबूखादिजे या दुसऱ्या लेखकाने आपल्या संचासोबत प्रायोजकांच्या जाहिराती दाखवून पाहिल्या. एनपीएम या वितरण व्यवस्थेने अशा जाहिरातींवर बंदी घालायचं जाहीर केलं. गोष्ट तिथे संपली असती तर ती फक्त दटावणी ठरली असती. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये एनपीएमने एक नवी आज्ञा दिली, 'एनपीएम फंड'. ती चालवली की तुम्ही वापरत असलेल्या कोणकोणत्या संचांच्या लेखकांना मदतीची गरज आहे, याची यादी समोर येते. ज्याला पाहायचं त्याने पाहावं. काम करणाऱ्याच्या मध्ये कुणी येत नाही. त्याने लेखकांची ददात मिटली असं नाही, पण मागण्याला मानाची जागा मिळाली. तशीच जागा पायथॉन या संगणकभाषेच्या परिषदांत असते. तिथे पाच मिनिटांची झटपट भाषणं असतात; त्यात कुणीही उठून आपलं काम दाखवावं. त्यांतली पायकॉन इंडिया ही परिषद २०११ मध्ये पुण्यात भरली तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी तरुणांना ही रीत माहीत आहे. मुख्य काम अडवू नका, पण सांगायला ओटा बांधून द्या. हा शहाणपणाचा मार्ग आहे.

एका गोष्टीला मात्र कुठलीही जागा नको, ती म्हणजे चोरून केलेली जाहिरात. कुणीतरी अडचण विचारतो आणि उत्तर येतं, 'मी अमुक साधन वापरून पाहिलं, फार छान आहे.' वापरून पाहणारा हा त्या साधनाचा कर्ताच असतो, पण ते सांगत नाही. शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हा जो तो औषध विचारत होता. अशा वेळी 'मी हे फवारलं, अळी गेली' असं सांगणारा त्याच औषधाचा विक्रेता निघाला, तर गमावलेलं पीक एका हंगामाचं असतं, पण गमावलेला विश्वास पिढीचा असतो. त्याने 'माझं दुकान आहे, मी हे विकतो, तरी माझा अनुभव असा' एवढं म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने आपल्या हिशेबाने ऐकलं असतं. स्टॅक ओव्हरफ्लो या २००८ पासून चाललेल्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी हाच नियम आहे : स्वतःच्या वस्तूचा उल्लेख करायचा तर ती माझी आहे हे उत्तरातच सांगा, आणि उत्तर विचारलेल्या प्रश्नाचंच असू द्या. दोन अटी, पण त्यांत सगळं आलं.

विषय सोडू नये, यामागे आणखी एक कारण आहे. आज विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर सात-आठ वर्षांनी कुणीतरी शोधत येणार असतो. रात्री दोन वाजता एखाद्या खोलीत अडलेली मुलगी तीच चूक टाइप करून शोधणार असते. तिला तिथे स्वच्छ उत्तर मिळालं तर ती पुढे जाईल. मध्ये दहा जणांचे वर्ग, चॅनल आणि कोर्स लावून ठेवले असतील तर तिथेच अडकेल. आपण विहिरीवर जे टाकतो ते पुढच्या माणसाच्या घागरीत जातं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आम्ही खारं पाणी पीत आलो आहोत. गोड्या पाण्याची विहीर बिघडली तर काय होतं, ते आम्हाला कुणी सांगायला नको.

आता त्या मुलाकडे परत येतो. लाल खूण पाहिल्यावर काही दिवस तो आलाच नाही. मग एका रविवारी आला तेव्हा त्याच्याकडे एक खरी अडचण होती. त्याने एका ओपन सोर्स शोधसाधनात मराठी मजकूर भरला होता आणि 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधला होता. शब्द मजकुरात डोळ्यांसमोर दिसत होता, पण साधन म्हणत होतं, सापडला नाही.

आम्ही दोघं तासभर बसलो. त्या शब्दातला 'ऱ्या' मराठीला रोज लागतो. शेतकऱ्यांना, दऱ्या, पायऱ्या, सुऱ्या. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. एकाने एका कळफलकावर लिहिलेला 'शेतकऱ्यांना' दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर सापडत नाही. हे जर्मनीत किंवा कॅनडात बसलेल्या मेंटेनरला कळणार कसं? त्याच्या भाषेत हे अक्षरच नाही. हिंदीवाल्यालाही रोज याची गरज पडत नाही. हे ठाऊक असतं मराठी लिहिणाऱ्याला, आणि त्याचा चटका बसतो ज्याला 'शेतकरी' हा शब्द रोज लिहावा लागतो त्याला.

त्याने अडचण लिहून पाठवली. पहिल्या मसुद्यात वर स्वतःची ओळख होती, चार ओळींची. ती त्याने स्वतःच खोडली. मग लिहिलं ते एवढंच : कुठला शब्द शोधला, काय मिळायला हवं होतं, काय मिळालं, आणि तीन शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहून दाखवले. पंधरवड्याने उत्तर आलं. मेंटेनरने विचारलं होतं, यासाठी चाचणी लिहून देशील का? त्याने लिहिली, चुकली, पुन्हा लिहिली. कापसाची वेचणी चालू होती, मध्ये आठ दिवस तो शेतातच होता. परत आल्यावर शेवटची दुरुस्ती केली.

ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला आवाज चढवावा लागतो, असं मी पूर्वी मानत असे. आता मला वाटतं, आमच्या मुलांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, पण ते सांगण्याजोगं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. जामोदच्या परिसरात निहाली भाषा बोलणारी माणसं राहतात. तिचं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं जुळत नाही असं अभ्यासक मानतात. तिचे शब्द संगणकावर लिहायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेल्या जगाच्या नकाशावर, आपल्या पाड्यांच्या वाटा, विहिरी, आरोग्य उपकेंद्रं नीट आहेत का, हे पायी फिरणाऱ्यालाच सांगता येईल. माहितीपानावरच्या एका विशेषणापेक्षा अशी एक विहीर नकाशावर लावणं मोठं आहे, आणि तिच्याखालीही लावणाऱ्याची नोंद राहते.

म्हणून दोष एकट्या मुलांच्या माथी मारून चालणार नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, विनंत्यांची संख्या मोजून गुण देऊ नका. एक विनंती उघडून वाचा आणि तिच्यावर प्रश्न विचारा. पुल रिक्वेस्ट शिकवायचीच तर सरावासाठी कॉलेजचा स्वतःचा प्रकल्प उघडा, दुसऱ्याचं अंगण वापरू नका. नोकरी देणाऱ्यांनो, गिटहबवर रोजच्या कामाच्या नोंदीचे हिरवे चौकोन दिसतात, ते मोजू नका. उमेदवाराने कुठली अडचण ओळखली आणि तिच्यापाशी किती दिवस थांबला ते पाहा. मेंटेनर मंडळींवर आधीच भार आहे हे कळतं, तरी नवख्याची चूक बंद करताना एखादं वाक्य लिहिलंत तर सातपुड्याच्या पायथ्याशी कुणीतरी ते दहा वेळा वाचतो. आणि आपण, ज्यांनी चार पावसाळे जास्त पाहिले आहेत, त्यांनी मुलांना गप्प बसवू नये. कुठे, कधी, कसं बोलायचं ते बसून शिकवावं.

दिवाळीनंतर त्याची दुरुस्ती प्रकल्पात गेली. तो अभ्यासिकेत आला आणि पुन्हा लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. पडद्यावर बदलांची यादी होती. मधोमध एक ओळ : मराठीतल्या अर्ध्या र च्या दोन्ही तऱ्हा आता जुळतात. त्याखाली चाचणीतले तीन शब्द, पहिला 'शेतकऱ्यांना'. आणि सगळ्यात शेवटी, जिथे ते असायला हवं तिथे, त्याचं नाव.